अंबड ते बोरवाडी, पाय न टेकता

सायकलवरून पडून तोंडावर आपटलेले लई जण पाह्यले असतील तुम्ही. मी सायकलवरून उतरलो न्हाई म्हणून आपटलो! आता हसू नका, चहा सांडंल अंगावर. आधी ऐका, मंग हसायचं तेवढं हसा. माझी बायको तर अजून हसून राह्यली.

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. अंबडला बाजाराच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान होतं. भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, उतरलेली चेन चढवायची, असा धंदा. घरात माणसं तीनच. मी, माझी बायको शकू आणि माझे वडील, म्हणजे आबा. आई मी लहान असतानाच गेल्ती. दुकान बराबर चालायचं. फक्त दुकानदार दुकानात नसायचा!

अहो, मला बसवतच न्हाई एका जागी. पाय शिवशिवतात. शाळेत गुरुजी दुसऱ्या पोरांना उभं राहायची शिक्षा द्यायचे आणि मला बसायची. लग्नात अंतरपाट धरला तवा माझ्या सख्ख्या मामाला दोन्ही हातांनी माझे खांदे दाबून धरावे लागले. खोटं सांगत असेन तर शकूला विचारा.

त्यात धंदा सायकलचा. दुरुस्त केलेली सायकल ट्रायल घेतल्याबिगर गिऱ्हाइकाला द्यायची न्हाई, हा आपला नियम. आता बाकीचे दुकानदार ट्रायल घेतात म्हणजे काय, कोपऱ्यापर्यंत जातात आणि माघारी येतात. मी शहागडच्या रस्त्याला लागायचो. एकदा का गावाबाहेरचा तो पहिला उतार लागला, की मंग ब्रेकला हात लावायची इच्छाच होत न्हाई हो!

काय रस्ता तो! डोंगर न्हाई, घाट न्हाई, पण सपाट म्हणाल तर तेही न्हाई. जरा चढायचं, जरा उतरायचं, खाली एखादा नाला, नाल्यावर बुटका पूल, पुन्हा चढ. चढावर दम लागतो न लागतो तोच समोर उतार तयार. दोन्ही अंगाला ज्वारी, कापूस, मधूनच करडई. म्हणायचं, बस झालं, एवढा चढ संपला की फिरू माघारी. आणि चढ संपला की उतार दिसायचा. आता उतार सोडून माघारी फिरतं का कुणी? असं करत करत मी वडीगोद्री गाठायचो, आणि इकडं गिऱ्हाईक दुकानासमोर उभं. आपली सायकल चोरीला गेली का काय, म्हणून आबाला विचारायचं. आबा म्हणायचे, "चोरीला गेली असती तर चोर सापडला असता. हा कुठं सापडतो?"

शकू दुपारी दुकानात चहा घेऊन यायची. मी ट्रायलला. चहा गार. जेवायला ताट वाढायची. दुसऱ्या भाकरीला मी ताटावरून उठून अंगणात. ती काही बोलायला लागली, की मी ऐकता ऐकता गल्लीच्या तोंडाशी जायचो आणि ती भिंतीशी बोलत बसायची. लग्नाला पुरती दोन वर्षं न्हाई झाली, तर बिचारीचा जीव मेटाकुटीला आल्ता.

त्यातच गावात तो सायकलवाला उस्ताद आला.

तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. मैदानात चार बांबू रोवायचे, भोंगा लावायचा, आणि हा गडी आठवडाभर सायकलवरून खाली उतरायचा न्हाई. गोल गोल फिरत राहायचा. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा, चालत्या सायकलवर न्हाव्याकडून दाढी करून घ्यायचा! सगळं अंबड लोटलं होतं बघायला. त्याच्या चाकात हवा मीच भरली एकदा, सायकल चालू असताना, शेजारनं पळत पळत. आपल्याला त्याचा लई अभिमान.

शकूला घेऊन गेलो बघायला. ती कितीतरी वेळ त्या उस्तादाकडं बघत राह्यली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या! म्हणाली, "याची बायको किती सुखी असेल."

झालं! आग लागली ना हो माझ्या डोक्यात. मी इथं रोज ट्रायलला जीव काढून राह्यलो आणि माझी बायको परक्या सायकलवाल्यावर खूश? म्हणलं, "त्यात काय एवढं? मी पण करून दाखवतो."

"तुम्ही?" शकू म्हणाली. "तुमच्याच्यानं जन्मात होणार न्हाई."

त्यावरून वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं आणि ती बोरवाडीला माहेरी निघून गेली. बोरवाडी म्हणजे शहागडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, गोदावरीच्या अंगाला. जाताना आबाच्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, तुमच्यावर माझा राग न्हाई. पण ज्या दिवशी हा माणूस सुधरल, त्या दिवशी बोलवा."

आता सुधरल म्हणजे काय, हे विचारायला मी कुठं थांबलो होतो? मी ट्रायलला!

पंधरा दिवस आबानं आणि मी पिठलं करून खाल्लं. आबाचं पिठलं म्हणजे वरून पाणी आणि खालून कोळसा. आबा ताटाकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे. मलाही घर खायला उठलं होतं. खरं सांगतो, शकूबिगर मला करमत नव्हतं. पहिल्यांदा कळलं, की आपण एवढे हिंडतो ते माघारी आल्यावर बोलणी खायला कुणीतरी आहे म्हणून.

आमच्या दुकानाशेजारी रशीदभाईचं हॉटेल. तिथं उभ्या उभ्या चहा पिताना मी जाहीर करून टाकलं. "रशीदभाई, उद्या मी बोरवाडीला जातो. अंबड ते बोरवाडी आणि माघारी, खाली पाय न टेकता! तिनं डोळ्यांनी बघितलं पाहिजे, उस्ताद कोण हाय ते."

रशीदभाईनं गल्ल्यावरून मान वर केली. "मियाँ, तेरी औरत तेरे बैठने कू तरसती, और तू उसकू उतरताच नै करके दिखाने जारा?"

"तुम्हाला न्हाई कळायचं," मी म्हणलं. आणि निघून गेलो.

आता बघा, एवढा शहाणा सल्ला चहाबरोबर फुकट भेटला होता. पण ऐकायला थांबावं लागतं ना!

सकाळी आबाला म्हणलं, जरा दुकानात बसा. बोरवाडीचं त्यांना काही सांगितलं न्हाई. रशीदभाईनं सायकल धरली, मी टांग टाकली आणि निघालो. डोक्याला टोपी न्हाई, वाऱ्यानं उडाली तर उचलायला उतरावं लागंल म्हणून. रात्रीपासून पाणी कमीच पिल्तो. का ते सांगायला पाहिजे का? एकदा पाणी पोटात गेलं की पुढच्या कामाला उतरावंच लागतं! उस्ताद त्याचं काय करायचा, ते विचारायचं राहून गेल्तं.

थंडीचे दिवस, हुरड्याचा मोसम. पहिले चढउतार झकास गेले. वडीगोद्रीच्या अलीकडं मेंढरांचा कळप आडवा आला, तर मी त्यांच्या मागं मागं इतकं हळू चालवलं की धनगर म्हणाला, "पाव्हणं, मेंढरं चारायला आणलीत का तुम्ही पण?" पण पाय टेकला न्हाई. रस्त्याकडंच्या ज्वारीचं कुसळ उडून डोळ्यात गेलं. चोळायला जावं तर हात सुटतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तशीच सायकल दामटली.

बोरवाडीच्या फाट्याला भीमरावचं शेत. भीमराव म्हणजे माझ्या सासऱ्याचा शेजारी. त्यानं आगटी पेटवलेली, दोन-चार माणसं हुरडा खात बसलेली. मला बघून उठला.

"आवो पाव्हणे! या, हुरडा खायला या!"

"न्हाई थांबता येत!"

"दोन घास तर खा!"

"उतरायचंच न्हाई मला!"

भीमराव रस्त्याच्या कडंला आला. माझं उघडं डोकं बघितलं. डोळ्यांतलं पाणी बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "आबा बरे हायेत ना?"

"आबा? एकदम ठणठणीत!" मी ओरडलो आणि पुढं निघालो. मागं वळून बघितलं तर भीमराव हुरडा टाकून शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं, गावाकडं पळत सुटला होता. म्हणलं, वा! आपण येऊन राह्यलो ही बातमी द्यायला पळाला असेल. जावयाचा काय मान असतो बघा!

आता इथं तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या भागात मयतीचा सांगावा घेऊन जाणारा माणूस असतो ना, त्याची एक रीत हाय. तो उघड्या डोक्यानं येतो. घरात जात न्हाई. पाणी पीत न्हाई. बसत न्हाई. आणि मयत झाली असं तोंडानं सांगत पण न्हाई, कारण ऐकणाराचा तिथंच जीव जायचा. तो म्हणतो, "काही न्हाई, बरे हायेत, पण जल्दी चला." मंग ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पायडलीशिवाय काही नव्हतंच.

गावात शिरलो. सासऱ्याच्या दारासमोर लिंबाचं झाड हाय, त्याला पार. मी त्या पाराभोवती गोल गोल फिरायला लागलो, अगदी उस्तादासारखा. बघतो तर ही गर्दी! भीमरावनं पळत येऊन सगळं गाव गोळा केलेलं. मला वाटलं, माझा खेळ बघायला आलेत. मी घंटी वाजवली. कुणी हसलं न्हाई.

मामी, म्हणजे माझी सासू, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली.

"पाणी घ्या."

"नको मामी, पाणी नको."

मामीनं तांब्या अजून पुढं केला. "घरात तरी या ना."

"घरात न्हाई येता येत मला." मी एक चक्कर मारून आलो. "शकूला पाठवा फक्त. जल्दी!"

मामीनं तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मामा, माझे सासरे, मोठे करारी माणूस. ते माझ्या सायकलीबरोबर चालायला लागले.

"पाव्हणे, खरं सांगा. आबा कसे हायेत?"

"मजेत हायेत की! सकाळी दोन भाकरी खाल्ल्या."

मामांनी डोक्याचा पटका काढून काखेत घेतला. "चला," म्हणाले, "पोटात दोन घास तरी गेले."

"आवो, खरंच बरे हायेत! दुकानात बसलेत!"

पारावर एक म्हातारबा होते. ते शेजारच्याला म्हणाले, "असंच सांगत्यात रं. माझ्या भावाच्या टायमाला पण ठणठणीतच म्हणले व्हते."

"पण लेक सोताच कसा आला सांगावा घेऊन?"

"एकुलता एक हाय. दुसरं कोण धाडणार? आणि त्याला माघारी जाऊन अग्नी द्यायचाय, म्हणून तर उतरंना बिचारा!"

हे सगळं मला नंतर कळलं हो. मी आपला फिरत होतो, चाकाचा आवाज, कानात वारं. माझ्यासमोर तर कुणी तो शब्द काढायलाच तयार नव्हतं, पोराला अजून कशाला रडवा म्हणून!

तेवढ्यात शकू बाहेर आली. तिचे डोळे लाल. मी छाती काढली, एक हात सोडून चक्कर मारली. म्हणलं, आता बघ!

"तुम्ही सोताच कशाला आलात?" ती हुंदका देत म्हणाली. "दुसरं कुणी भेटलं न्हाई?"

"दुसऱ्याला कशाला धाडू? हे माझंच काम हाय!"

"आणि आबा? आबाजवळ कोण हाय?"

"रशीदभाई हाय ना शेजारी. तू चल फक्त."

शकूला जे रडू फुटलं! तिच्यामागं मामीला, मामीमागं सगळ्या बायांना. मला काय वाटावं? पोरगी सासरी निघाली की बाया रडतातच. आणि शकूबद्दल म्हणाल तर मी समजलो, विरघळली! नवऱ्याचा पराक्रम बघून विरघळली! मला पण गहिवरून आलं. म्हणलं, "मी होतो पुढं. तुम्ही या मागून." आणि जो सायकल हाणत निघालो!

जाताना उतार होते ते येताना चढ झाले, त्यात समोरून वारं. पण मला काय त्याचं? बायको येऊन राह्यली! मी ओरडून ओरडून गाणी म्हणत होतो. वडीगोद्री गेली, तेवढ्यात मागून ट्रक आला, कापसानं भरलेला. वरती कापसावर कोण? आमचे मामा, मामी, शकू, भीमराव आणि निम्मी बोरवाडी! शहागडहून जाणारा ट्रक मयतीचं ऐकून थांबला होता, त्यात सगळे चढलेले. मी खूश होऊन हात हलवला. घंटी वाजवली. गाणं अजून मोठ्यानं म्हणलं.

वरच्या बायांनी कपाळाला हात लावला. नंतर भीमराव मला म्हणाला, "पाव्हणे, आम्हाला वाटलं तुम्ही दुःखानं पार कामातून गेले."

अंबडात शिरलो. पाय न टेकता, बरं का! आमच्या गल्लीत वळलो आणि बघतो तर काय!

माझ्या दारात माणसंच माणसं. दाराला कडी. ओट्यावर मामी छाती बडवून राह्यली. शकू उंबऱ्यावर डोकं टेकून रडतेय, केसांत कापूस. मामा उघड्या डोक्यानं खाली बघत बसलेले. अख्खी गल्ली गोळा. आणि आबा कुठं दिसेनात.

माझ्या मनात एकच आलं. मी तिकडं झाडाभोवती चकरा मारत होतो आणि इकडं माझे आबा गेले! मी सायकलवरून उतरलो न्हाई, सरळ खाली कोसळलो. सायकल एकीकडं, मी एकीकडं. "आबाऽऽ! मला टाकून कुठं गेला हो आबाऽऽ!" मी गडाबडा लोळलो त्या धुळीत. माझं रडणं ऐकून जे थांबले होते ते पुन्हा सुरू झाले. चार जणांनी मला धरलं. कुणीतरी म्हणलं, "रडू द्या त्याला, आत्तापर्यंत धरून ठेवलं व्हतं पोरानं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आबा आले.

दुकानात कुणीतरी जाऊन सांगितलं होतं, की तुमच्या दारात रडारड चाललीय. हातात हवेचा पंप तसाच घेऊन आलेले. आता दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, काय झालं म्हणून. पण आबा जुन्या वळणाचे. रडणारी माणसं दिसली की आधी रडायचं, चौकशी मंग. इवाई म्हणजे व्याही, आपले मामा, उघड्या डोक्यानं बसलेले बघितल्यावर त्यांना वाटलं, यांच्याकडचंच कुणी गेलं असणार. आबांनी उपरणं तोंडाला लावलं, गर्दीतून वाट काढत मामांशेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागले.

मामांनीही त्यांना मिठी मारली. डोळे मिटलेले, नाक गळतंय. दोघं रडले खूप वेळ. मंग मामांनी हुंदका आवरून विचारलं, "एकाएकी कसं झालं हो?"

आबा म्हणाले, "मी तर तुम्हालाच विचारणार व्हतो."

मामांनी डोळे उघडले.

काय किंकाळी फुटली म्हणून सांगू! मामी ओट्यावरून खाली. भीमराव भिंतीला. शकूनं एकदा आबाकडं बघितलं, आणि आबाचे पाय धरून जी रडायला लागली ते सोडीचना. मी धुळीत बसूनच बघून राह्यलो. आबा जिवंत! मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. तीच माझी चूक झाली. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मामा उठले. पटका डोक्याला गुंडाळला, अगदी सावकाश. म्हणाले, "कुणी सांगितलं आबा गेले म्हणून?"

"मी न्हाई!" मी म्हणलं. "मी तर ठणठणीत म्हणत होतो!"

"पाणी का न्हाई घेतलं?"

मी सांगितलं, का ते.

"घरात का न्हाई आलात?"

तेही सांगितलं. उस्तादाचं सांगितलं. पाय न टेकता जाण्याचं सांगितलं. जसजसं सांगत गेलो तसतसे मामा लाल होत गेले. निम्मं गाव रानातली कामं टाकून, कापसावर बसून, छाती बडवत आलं होतं. मामीनं तर आमच्या घरात बाईमाणूस न्हाई म्हणून शेजारपाजाऱ्यांकडून भाकरी आणि पिठलं पण बांधून आणलं होतं, मयतीच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून.

"चल गं शकू," मामा म्हणाले. "माझी पोरगी असल्या घरात नांदणार न्हाई. खेळ मांडलाय का मरणाचा?"

आली होती हो ती! दारापर्यंत आली होती. आणि आता गेली तर कायमची जाणार, हे मामांच्या आवाजावरूनच कळत होतं. मी पहिल्यांदा आयुष्यात जागचा हललो न्हाई, कारण कुठं जावं तेच सुचंना.

"जरा थांबा इवाई," आबा म्हणाले. "रडून रडून घसा कोरडा पडलाय. शकू, आत चल, पाणी दे मला."

दोघं घरात गेले. जरा वेळानं बाहेर आले. आबांनी मिशा पुसल्या आणि शांतपणे सांगितलं, "लेकराला बोलू नका. मीच धाडलं व्हतं त्याला, खरं सांगायचं न्हाई असं बजावून. काल सांजच्याला मला कावळा लागला. डोक्यात चोच मारली."

म्हाताऱ्या बायांनी लगेच हात जोडले.

तुम्हाला ठाऊकच असेल. कावळा डोक्याला लागला की ते मरणाचं लक्षण. त्याला उपाय एकच, आपल्या माणसांना मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. ते खरं समजून रडले की मरण टळतं, आयुष्य वाढतं.

मामांचा चेहरा एकदम बदलला. "मंग आधी सांगायचं ना, इवाई!"

"आधी सांगितलं असतं तर असे रडला असता का?"

"तेही बराबर हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा आबाला मिठी मारली. बाया डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. कुणी म्हणलं, आबा शंभर वर्षं जगणार. मयतीच्या भाकरीचं गाठोडं सोडलं, अंगणात पंगत बसली. रशीदभाईनं सगळ्यांना चहा पाजला, खर्च माझ्या नावावर. आणि शकू? शकू राह्यली!

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "दिगंबर, आता तुझं. खोटा सांगावा नेणारानं दहाव्यापर्यंत हिंडायचं नसतं. घर न्हाईतर दुकान, बस. सायकलला हात लावायचा न्हाई. न्हाईतर तो कावळा सांगाव्याच्या माणसाला येऊन लागतो."

आबांनी मला धाडलं नव्हतं, पण चुकून का होईना सांगावा मीच नेला होता, आणि कावळ्याचं मला खरंच वाटलं. मी मामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली. म्हाताऱ्या माणसानं सांगितलं, म्हणजे असंलच, असा त्यांचा हिशेब. मंग काय, बसलो.

कसे काढले ते दिवस, माझं मला माहीत. दुकानात स्टुलावर बसायचो आणि पाय आपोआप पायडल मारायचे, हवेत. ट्रायल गिऱ्हाईक स्वतः घ्यायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन लगेच माघारी यायचं, आणि माझा जीव तीळ तीळ तुटायचा. कावळा ओरडला की मी डोक्यावर पंक्चरचं घमेलं घ्यायचो. उस्तादाला बघायला आली नसतील एवढी माणसं मला बसलेला बघायला आली. रशीदभाई गिऱ्हाइकांना चहा देताना सांगायचा, "वो देखो, बैठेला है!"

पण शकूचं लई बरं चाललं होतं. दुपारी चहा आणायची, समोर बसायची, मी गरम चहा प्यायचो. लग्नानंतर पहिल्यांदा कळलं, की ती चहात गवती चहा घालते. रोज घालत होती! ती बोलायची, मी ऐकायचो. तिला लहानपणी नदीत बुडताना कुणी वाचवलं, तिला कोणती भाजी आवडत न्हाई, ती उस्तादाला बघून का रडली, सगळं तवाच कळलं. म्हणाली, "तो माणूस आठवडाभर एका मैदानात राह्यला. त्याची बायको कवाही गेली तरी तो तिथंच सापडत असेल. म्हणून म्हणले सुखी."

आता सांगा, एवढी साधी गोष्ट!

तवापासून जरा बसायची सवय लागली मला. जरा. लई न्हाई.

पुढं कितीतरी वर्षांनी, आबा गेल्यावर, आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला कावळा लागला. त्यानं पुतण्याला खोटा सांगावा घेऊन परतूरला धाडलं. पुतण्या माघारी आला, तर मी मोठ्या अधिकारानं त्याला स्टूल दिलं. म्हणलं, "बस बाबा. आता दहाव्यापर्यंत हलायचं न्हाई."

"काहून?" तो म्हणाला.

"रिवाज हाय तसा."

चार म्हातारी माणसं होती तिथं. एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. असला रिवाज कुणी बापजन्मात ऐकला नव्हता! एक जण तर मला म्हणाला, "तुम्हाला कुणी शेंडी लावली, दिगूभाऊ?"

मी तसाच तरातरा घरी आलो. शकू भाकरी थापत होती. म्हणलं, "आबानं त्या दिवशी तुला आत नेऊन काय सांगितलं? खरं सांग. कावळा लागला होता का न्हाई?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. पदरात तोंड लपवलं, खांदे हलायला लागले.

"कुठला कावळा घेऊन बसलात? आबांनी फक्त एवढंच विचारलं, पोरी, राहशील का, आणि याला किती दिवस बसवू?"

"आणि तू दहा म्हणलीस?"

"मी? मी वर्षश्राद्धापर्यंत म्हणले व्हते. बापाचं काळीज, म्हणून दहाव्यावर सुटलात!"